न्यायमूर्ती गजेंद्रगडकर : सत्तेच्या आणि न्यायासनाच्या मर्यादा

१९६४ च्या मार्च महिन्यात अलाहाबाद येथे एक अभूतपूर्व प्रसंग घडला. उत्तर प्रदेश विधानसभेने उच्च न्यायालयाच्या दोन विद्यमान न्यायमूर्तींना अटक करून सभागृहापुढे उभे करावे असा ठराव संमत केला. त्या दोघांनी आपल्याच न्यायालयात धाव घेतली आणि २३ मार्च रोजी उरलेल्या अठ्ठावीस न्यायमूर्तींनी एकत्र बसून त्या ठरावाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. विधिमंडळ आणि न्यायमंडळ एकमेकांसमोर उभे ठाकले. प्रजासत्ताकास जेमतेम चौदा वर्षे झाली होती, पंतप्रधान नेहरूंची प्रकृती ढासळली होती आणि हा पेच कोणत्या टोकाला जाईल हे कोणीच सांगू शकत नव्हते. अखेर राष्ट्रपतींनी घटनेच्या १४३ व्या अनुच्छेदान्वये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायासाठी पाठविला. त्या वेळी सरन्यायाधीशपदाची सूत्रे हाती घेऊन प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांना दोन महिनेही पूर्ण झाले नव्हते.

नागरिकांचे हक्क आणि शासनाचे अधिकार यांच्यामधील रेषा कोठे असावी, या प्रश्नाशी गजेंद्रगडकरांचे नाव अनेक ठिकाणी जोडले गेले आहे. आरक्षणाची पन्नास टक्क्यांची मर्यादा, आणीबाणीतील स्थानबद्धांचे हक्क, विधिमंडळाचे विशेषाधिकार, बोनसचे सूत्र, व्यक्तिगत कायद्याचे घटनेतील स्थान, हिंदू धर्माची न्यायालयीन व्याख्या : यांपैकी कोणत्याही वादाची मुळे शोधू गेल्यास त्यांचे निकालपत्र आडवे येतेच. मात्र त्यांनी आखलेल्या रेषा सर्वत्र नागरिकाच्याच बाजूने आखल्या गेल्या असे म्हणता येणार नाही, आणि त्यांच्या चरित्राचे खरे मोल या मिश्र हिशेबातच आहे.

गजेंद्रगडकरांचे घराणे मूळचे कर्नाटकातील गजेंद्रगडचे, वैष्णव शास्त्र्यांचे. प्रल्हादपंतांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यास झाला. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. वडील बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. प्रल्हादपंतांचे शिक्षण सातारा, धारवाडचे कर्नाटक महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे झाले. १९२४ मध्ये एम. ए. आणि १९२६ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली करू लागले. ‘दत्तकमीमांसा’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. दत्तकविधान हा शास्त्र्यांच्या घरातला विषय आणि वारसाहक्काचे दावे ही मुफस्सलातील वकिलाची रोजची भाकरी. त्यांच्या बाबतीत या दोहोंचा मेळ सहजच बसला असावा. १९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

या धर्मशास्त्री न्यायाधीशापुढे १९५१ मध्ये जो खटला आला तो जणू त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता. मुंबई राज्याने १९४६ मध्ये हिंदूंपुरता द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला होता. हा कायदा केवळ हिंदूंना लागू होतो, सबब तो समानतेच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध आहे, असा आक्षेप नरसू आप्पा माळी खटल्यात घेण्यात आला. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरविला. सामाजिक सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याचा विधिमंडळाचा अधिकार त्यांनी मान्य केला. येथपर्यंत सुधारकाला आनंद व्हावा असाच हा निकाल होता. परंतु त्याच निकालपत्रात दोघांनीही आणखी एक पाऊल टाकले : परंपरागत व्यक्तिगत कायदा हा घटनेच्या १३ व्या अनुच्छेदातील ‘कायदा’ या संज्ञेत मोडत नाही, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तो घासून पाहता येणार नाही. विवाह, वारसा, दत्तक यांतील विषमतेविरुद्ध स्त्रीने न्यायालयाचे दार ठोठावले की पुढे अनेक दशके हे वाक्य दाराच्या आतून कडी लावत राहिले. २०१८ मध्ये शबरीमला प्रकरणात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी या भूमिकेशी स्पष्ट शब्दांत असहमती नोंदविली. सुधारणेचा कायदा वाचविताना सुधारणेचे एक साधन नागरिकाच्या हातून काढून घेतले गेले, हे येथे विसरता येत नाही.

सामान्य नोकरदारांना गजेंद्रगडकरांचे नाव परिचित झाले ते १९५५ मध्ये. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबत लवादाने दिलेल्या निर्णयात सरकारने फेरफार केला, तेव्हा त्याच्या निषेधार्थ मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी १९५४ मध्ये राजीनामा दिला. पुढे नेमलेल्या एकसदस्य आयोगाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचे निधन झाल्यामुळे ते काम गजेंद्रगडकरांकडे आले. बँका लहानमोठ्या, शहरी आणि खेड्यांतील. सर्वांना एकच वेतनमान लावले तर दुबळ्या बँका मोडतील, आणि बँकेच्या ऐपतीवर सोडले तर कारकुनाच्या पोटाचे काय? आयोगाच्या शिफारशी त्याच वर्षी सरकारने स्वीकारल्या आणि त्यांना कायद्याचे रूप मिळाले.

जानेवारी १९५७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि औद्योगिक कायद्याचा भारतीय पाया घालण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्या हातून झाले. क्राऊन अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या खटल्यात, १९५७ सालीच, त्यांनी असे तत्त्व मांडले की जो उद्योग कामगाराला किमान वेतनसुद्धा देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील मागणी-पुरवठ्याच्या आलेखाला हे तत्त्व मानवत नाही. तथापि उपासमारीच्या मजुरीवर चालणारा कारखाना आपला खर्च समाजाच्या माथी मारीत असतो, हेही अर्थशास्त्रच सांगते. १९५९ च्या असोसिएटेड सिमेंट खटल्यात बोनसचा प्रश्न आला. कामगार अपील लवादाने १९५० मध्ये गिरणी कामगारांच्या प्रकरणात एक सूत्र ठरविले होते : ढोबळ नफ्यातून घसारा, आयकर, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के परतावा, खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या गंगाजळीवर दोन टक्के, आणि जुन्या यंत्रांच्या पुनःस्थापनेची तरतूद वजा जाता जे उरेल त्यात कामगाराचा वाटा. मालकांना हे सूत्र जाचक वाटे, तर यंत्रांच्या नावाखाली सगळा नफाच वजा होतो अशी कामगारांची तक्रार असे. गजेंद्रगडकरांनी सूत्र कायम ठेवले, पण पुनःस्थापनेच्या रकमेचा मालकाने पुरावा दिला पाहिजे आणि त्याची कसून तपासणी झाली पाहिजे, असा दंडक घातला. न्यायालयात ताळेबंद इतक्या बारकाईने वाचला जाण्याचा तो काळ होता. १९६५ च्या बोनस कायद्याने हिशेबाची रीत बदलली आणि किमान चार टक्के बोनस बंधनकारक केला. मात्र बोनस ही मालकाची कृपा नव्हे, ही समजूत त्याआधीच रूढ झाली होती.

आजच्या विद्यार्थ्याच्या जीवनाला सर्वांत निकटचा निकाल म्हणजे २८ सप्टेंबर १९६२ चा बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य हा होय. त्या वर्षी जुलैअखेर म्हैसूर सरकारने अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशांसाठी मागासवर्गीयांना २८, अतिमागासांना २२, अनुसूचित जातींना १५ आणि अनुसूचित जमातींना ३ टक्के, असे एकूण ६८ टक्के आरक्षण ठेवले. गुणवत्तेच्या खुल्या स्पर्धेसाठी ३२ टक्के जागा उरल्या. पाच न्यायमूर्तींच्या एकमताने हा आदेश रद्द झाला आणि निकालपत्र गजेंद्रगडकरांनी लिहिले. त्यात मागासलेपण ठरविताना जात हा विचारात घेण्याजोगा घटक आहे, पण तो एकमेव किंवा प्रधान निकष होऊ शकत नाही. दारिद्र्य, व्यवसाय आणि वस्तीचे ठिकाण हेही पाहिले पाहिजे, असे म्हटले होते. आणि आरक्षण सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी असावे, किती कमी हे परिस्थितीवर अवलंबून राहील, असेही त्यात होते.

पन्नास हा आकडा आला कोठून? निकालपत्रात त्याचे कोणतेही गणित नाही. लोकसंख्येची आकडेवारी, उपलब्ध जागा, उत्तीर्ण विद्यार्थ्यांचे प्रमाण यांवरून तो काढलेला नाही. नियम आणि अपवाद यांचे नाते बिघडू नये या तर्कातून तो निघाला. विशेष तरतूद हा अपवाद असेल तर अपवादाने नियमाला गिळू नये, एवढेच त्यामागचे सूत्र. या तर्काचा पाया १९७५ मध्ये थॉमस खटल्यात हादरला, कारण आरक्षण हे समानतेचा अपवाद नसून समानतेचेच एक रूप आहे असे तेथील बहुमताने मानले. तरीही आकडा टिकला. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने त्याला नियमाचे स्थान दिले आणि ५ मे २०२१ रोजी महाराष्ट्राचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला तो प्रामुख्याने याच मर्यादेवर आपटून. उलट २०२२ मध्ये आर्थिक दुर्बलांसाठीच्या दहा टक्क्यांना मान्यता देताना ही मर्यादा तेवढी ताठर नसल्याचे बहुमताने म्हटले.

गजेंद्रगडकरांच्या या निकालात एक आशा होती. जातीऐवजी दारिद्र्य आणि व्यवसाय पाहिला तर जातीची पकड सैल होईल, ही ती आशा. साताऱ्याच्या शास्त्र्याच्या घरातून आलेल्या उदारमतवादी माणसाला ती वाटणे स्वाभाविक होते. परंतु लोहाऱ्यासारख्या गावात शेतमजुराचा व्यवसाय, त्याच्या घराची जागा आणि त्याची जात ही तीन वेगवेगळी कोष्टके नसतात. एकाच नोंदीचे ते तीन रकाने असतात. अतिमागासांचा वेगळा गट करण्यालाही बालाजी निकालाने नकार दिला होता. ती चूक १९९२ मध्ये दुरुस्त झाली. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की आकड्यांचा अभ्यास न करता मतांच्या हिशेबाने याद्या वाढविणाऱ्या सरकारांना याच निकालाने प्रथम जाब विचारला. आयोग नेमा, पाहणी करा, मागासलेपण सिद्ध करा, हा आग्रह तेथूनच रुजला.

बालाजीचा निकाल लागून महिना होतो न होतो तोच चीनचे आक्रमण झाले. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ व २२ या अनुच्छेदांच्या संरक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क भारत संरक्षण कायद्याखाली स्थानबद्ध झालेल्यांपुरता स्थगित करण्यात आला. माखनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सप्टेंबर १९६३ मध्ये सात न्यायमूर्तींपैकी सहांच्या वतीने गजेंद्रगडकरांनी निर्णय दिला. बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज फौजदारी संहितेखाली केला तरी त्या हक्कांचा आधार घेऊन कायद्याला आव्हान देता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदविले. मात्र बहुमताने काही खिडक्या उघड्या ठेवल्या. स्थानबद्धतेचा आदेश दुष्ट हेतूने काढला असेल, कायद्यातील अटींचे उल्लंघन झाले असेल, किंवा स्थगित न झालेल्या हक्कांचा प्रश्न असेल, तर न्यायालय दखल घेईल, असे बजावण्यात आले.

या खिडक्या नाममात्र नव्हत्या. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तेथे ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास सरकारने नकार दिला. अणूची माहिती दिल्याने देशाच्या संरक्षणाला कोणता धोका पोचतो हे सरकारला सांगता आले नाही. उच्च न्यायालयाने परवानगी दिली, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचे अपील फेटाळले. ते निकालपत्र सुब्बाराव यांचे. नियमात जे निर्बंध नाहीत ते स्थानबद्धावर लादता येत नाहीत, हे त्यातून निष्पन्न झाले.

आता पुन्हा अलाहाबादकडे वळू. १ फेब्रुवारी १९६४ रोजी गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले. ज्येष्ठतेत न्यायमूर्ती जाफर इमाम पुढे होते, परंतु प्रकृती साथ देत नसल्याने ते बाजूला राहिले. या पदावर आलेले गजेंद्रगडकर पहिले मराठी भाषक. अलाहाबादचा तंटा जन्मला तो एका पत्रकातून. गोरखपूरचे समाजवादी कार्यकर्ते केशवसिंग यांनी एका आमदाराविरुद्ध पत्रक काढले. विधानसभेने हक्कभंगाबद्दल त्यांना समज दिली आणि त्यांच्या वागणुकीमुळे व निषेधाच्या पत्रामुळे सात दिवसांची कैद फर्मावली. शिक्षेचा एकच दिवस उरला असताना वकील सॉलोमन यांच्या अर्जावरून लखनौ खंडपीठाच्या न्यायमूर्ती बेग व सेहगल यांनी जामीन दिला. त्यावर विधानसभेने न्यायमूर्ती, वकील आणि अर्जदार या सर्वांनाच हजर करण्याचा हुकूम सोडला. सर्वोच्च न्यायालयात विधानसभेची बाजू मुंबईचे एच. एम. सीरवाई यांनी, तर न्यायमूर्तींची बाजू मुंबईचेच एम. सी. सेटलवाड यांनी मांडली. गोरखपूरच्या पत्रकाचा वाद मुंबईच्या वकीलवर्गातील दोन दिग्गजांत रंगला, हा एक योगायोगच.

३० सप्टेंबर १९६४ चा अभिप्राय सहा विरुद्ध एक असा होता आणि गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या पानांत त्यांची विद्वत्ता व मुत्सद्देगिरी दोन्ही दिसतात. ब्रिटिश पार्लमेंट सार्वभौम आहे, भारतातील विधिमंडळे नाहीत. येथे घटना श्रेष्ठ आहे आणि तिचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयाचे आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा. सभागृहाबाहेरच्या नागरिकाला कैद झाली तर ती वैध आहे की नाही हे उच्च न्यायालय तपासू शकते आणि असा अर्ज ऐकल्याबद्दल न्यायमूर्ती वा वकील हक्कभंगाचे दोषी ठरत नाहीत, असे त्यांनी सांगितले. न्यायमूर्ती सरकार यांचे मत वेगळे पडले. अभिप्राय न्यायालयाच्या बाजूने असला तरी त्याची भाषा विजेत्याची नव्हती. विधिमंडळाच्या प्रतिष्ठेविषयी त्यात आदरच होता. केशवसिंगांना मात्र त्याचा काहीच लाभ झाला नाही. १९६५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला आणि उरलेला एक दिवस त्यांना भोगावाच लागला!

याच अभिप्रायानंतर महिन्याभरात सज्जनसिंग खटल्याचा निकाल लागला. जमीनसुधारणांचे कायदे नवव्या परिशिष्टात घालणारी सतरावी घटनादुरुस्ती वैध ठरली आणि मूलभूत हक्कांतही संसद दुरुस्ती करू शकते असे गजेंद्रगडकरांनी बहुमतासाठी लिहिले. कुळकायदे आणि कमाल जमीनधारणा न्यायालयात अडकून पडू नयेत, ही त्यामागची दृष्टी होती, आणि त्या काळच्या भूमिहीनाच्या दृष्टीने ती योग्यच होती. पण पाचांपैकी दोघांनी निष्कर्ष मान्य करूनही तत्त्वावर शंका घेतली, आणि ते दोघेही पूर्वीच्या नागपूर उच्च न्यायालयाचे होते. एक हिदायतुल्ला, दुसरे अमरावतीचे जनार्दन रघुनाथ मुधोळकर, म्हणजे १९१२ च्या काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव. घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्ये बदलणे याला दुरुस्ती म्हणावे की घटनेचे पुनर्लेखन, असा प्रश्न मुधोळकरांनी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालाचा दाखला देऊन विचारला. नऊ वर्षांनी, २४ एप्रिल १९७३ रोजी, केशवानंद भारती खटल्यात त्याच प्रश्नातून मूलभूत चौकटीचा सिद्धान्त उभा राहिला. सरन्यायाधीशांचे बहुमत मागे पडले आणि वऱ्हाडातल्या न्यायमूर्तीची शंका देशाचा कायदा झाली, ही गोष्ट विदर्भात जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही.

सरन्यायाधीशपदाच्या अखेरच्या तीन महिन्यांतील दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. जानेवारी १९६६ मध्ये स्वामीनारायण संप्रदायाच्या मंदिरप्रवेशाचा, १९४८ पासून चाललेला दावा निकाली निघाला. आम्ही हिंदू नाही, म्हणून हरिजनांना प्रवेश देण्याचा कायदा आम्हाला लागू नाही, हा सत्संगींचा दावा गजेंद्रगडकरांनी राधाकृष्णन आणि लोकमान्य टिळक यांच्या विवेचनाच्या आधारे फेटाळला. शास्त्र्याच्या घरातील विद्या येथे अस्पृश्यतेविरुद्ध कामी आली. (त्या निकालातील हिंदू धर्माची व्यापक व्याख्या १९९५ मध्ये निवडणूक खटल्यांत अगदी निराळ्या कारणासाठी उद्धृत व्हावी, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.) ३ मार्च १९६६ चा मिरजकर निकाल मात्र वेगळ्या वळणाचा. ‘ब्लिट्झ’च्या संपादकांविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तारकुंडे यांनी दिला होता. त्याविरुद्ध पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होऊच शकत नाही, असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाच्या बहुमतासाठी गजेंद्रगडकरांनी लिहिले. हिदायतुल्ला यांनी एकट्याने विरोध केला. केशवसिंग प्रकरणात विधिमंडळाला घटनेखाली आणणाऱ्या लेखणीने येथे न्यायालयाला मात्र त्याच तपासणीतून मोकळे ठेवले. सत्ता कोणाचीही असो, तिच्यावर हक्कांचा अंकुश हवा, ही अपेक्षा येथे अपुरी राहिली.

१५ मार्च १९६६ रोजी, वयाची पासष्ट वर्षे पूर्ण होताच, ते निवृत्त झाले. निवृत्ती नावापुरतीच. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा आयोग, १९६९ मध्ये अहवाल देणारा पहिला राष्ट्रीय श्रम आयोग, जम्मू-काश्मीरमधील प्रादेशिक असमतोलाची चौकशी असे काम मागोमाग येत गेले. १९७१ पासून १९७७ पर्यंत ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

ते त्या पदावर असतानाच १९७५ ची आणीबाणी आली. मिसाखाली स्थानबद्ध केलेल्यांचे अर्ज नऊ उच्च न्यायालयांनी विचारार्थ घेतले, तेव्हा माखनसिंग निकालातील त्या उघड्या खिडक्यांचाच आधार घेण्यात आला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने त्याही बंद केल्या. १९६२ चा राष्ट्रपतींचा आदेश एका विशिष्ट कायद्यापुरता सशर्त होता, १९७५ चा बिनशर्त आहे, म्हणून माखनसिंगचा दाखला चालणार नाही, असे कारण दिले गेले. गजेंद्रगडकरांनी ज्या शब्दांवर खिडकी टेकविली होती ते शब्दच नव्या आदेशातून गाळलेले होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. गजेंद्रगडकरांनी ती पाहिली. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. १९७६ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने अधिकृतपणे रद्दबातल ठरविला तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये.